व्हीबोर्ग: सरकत्या सीमेचं शहर

रशियाचे थोर चित्रकार इल्या रेपिन यांनी आयुष्याची शेवटची जवळपास तीस वर्षं कुओक्काला या गावात काढली. फिनलंडच्या आखाताच्या काठी, देवदारांच्या सावलीत वसलेलं हे गाव सेंट पीटर्सबर्गहून रेल्वेने सहज जाऊन यावं इतकं जवळ होतं. त्यांच्या ‘पेनाती’ या घरी दर बुधवारी राजधानीतले लेखक, गायक, चित्रकार जमत. मग १९१७ ची क्रांती झाली, फिनलंड स्वतंत्र झालं आणि १९१८ मध्ये गावापासून थोड्याच अंतरावर असलेली सीमा बंद झाली. रेपिन जागचे हललेही नव्हते; देशच त्यांच्या दारावरून मागे सरकला होता. मायदेशी परत यावं म्हणून १९२६ मध्ये सोव्हिएत चित्रकारांचं शिष्टमंडळ त्यांना भेटून गेलं, पण ते गेले नाहीत. १९३० मध्ये फिनलंडच्याच भूमीवर त्यांचा अंत झाला. पुढे सीमा पुन्हा सरकली, गाव सोव्हिएत संघात आलं आणि १९४८ मध्ये त्याला त्यांचंच नाव मिळालं. आज ते रेपिनो आहे.

फिनलंडचं आखात आणि लादोगा सरोवर यांच्यामधल्या चिंचोळ्या भूमीला कारेलियाची संयोगभूमी म्हणतात. जंगल, तळी आणि ग्रॅनाइटचे उघडे खडक यांचा हा मुलूख. त्याच्या पश्चिम टोकाला, सेंट पीटर्सबर्गपासून सुमारे १३० किलोमीटरवर व्हीबोर्ग आहे. फिन लोक त्याला व्हीपुरी म्हणतात. स्वीडन, रशिया, फिनलंड, सोव्हिएत संघ आणि पुन्हा रशिया अशा सत्ता या शहराने पाहिल्या. सीमा सरकणं इथे सातशे वर्षं चालूच होतं. पण विसाव्या शतकापर्यंत सीमा सरकली की बहुतेकांचा राजा बदले, घर आणि शेत जागेवर राहत. १९४० नंतर मात्र सीमेबरोबर सगळी वस्तीच उचलली गेली. या भूमीचा इतिहास वाचताना सर्वांत जास्त थांबावं लागतं ते इथे.

सुरुवात एका किल्ल्यापासून झाली. १२९३ मध्ये स्वीडनचा सेनापती टोर्कल क्नुटसन याने एका लहानशा बेटावर दगडी गढी उभारली. पूर्वेकडे नोव्हगोरोदचं बलाढ्य व्यापारी प्रजासत्ताक होतं. दोघांनाही हवे होते कारेलियन लोक, त्यांच्याकडची फर आणि लादोग्याकडे जाणारे जलमार्ग. तीस वर्षं लढून दोन्ही पक्ष १३२३ मध्ये नेवा नदीच्या उगमाशी असलेल्या ओरेशेक बेटावर तहाला बसले. संयोगभूमीतून वाहणारी छोटी सेस्त्रा नदी सीमा ठरली. एक भाषा बोलणारे कारेलियन दोन राज्यांत विभागले गेले. पश्चिमेकडचे रोमच्या चर्चकडे गेले आणि पुढे लुथेरन झाले, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स राहिले. सेस्त्रा नदी इतकी लहान आहे की नकाशात शोधावी लागते, पण तिचं नाव पुढच्या प्रत्येक शतकात पुन्हा येतं.

व्हीबोर्गचा किल्ला अनेक वेढ्यांना पुरून उरला. १४९५ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानचं सैन्य तटावर चढलं असताना प्रचंड स्फोट झाला आणि हल्लेखोर माघारी फिरले. किल्लेदार क्नुट पोसे जादूटोणा जाणत होता आणि त्याने साप-बेडूक घालून स्फोटक काढा उकळला होता, अशी दंतकथा तिथले लोक अजून सांगतात.

१६१७ मध्ये, रशिया यादवीतून नुकताच सावरत असताना, स्तोल्बोवोच्या तहाने स्वीडनला लादोग्याच्या काठचा ऑर्थोडॉक्स कारेलिया आणि नेवाकाठचा इंग्रिया प्रांत मिळाला. नवे कर आणि लुथेरन पाद्र्यांचा दबाव यांना कंटाळून हजारो कारेलियन कुटुंबं रशियाच्या आत, मॉस्कोच्या वायव्येला असलेल्या त्वेर प्रांतात निघून गेली. रिकाम्या गावांत पश्चिमेकडून लुथेरन फिन शेतकरी आले. त्वेरमधल्या त्या लोकांनी आपली भाषा तीनशे वर्षं जपली. १९२६ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १ लाख ४० हजार भरली. सीमा सरकली तरी माणसं जागेवर राहत, या नियमाला जुन्या काळातला हा मोठा अपवाद. त्यामागे धर्म होता.

मग रशियाचा झार पीटर आला. १७०३ मध्ये त्याने नेवाच्या दलदलीत नवी राजधानी वसवायला घेतली, आणि स्वीडनचं व्हीबोर्ग तिच्या उशाशी होतं. १७१० च्या हिवाळ्यात सेनापती अप्राक्सिनचं सैन्य गोठलेल्या आखातावरून, बर्फावर तोफा ओढत, चालून आलं. जूनमध्ये किल्ला पडला. सेंट पीटर्सबर्गला आता भक्कम उशी मिळाली, असं पीटरने आपल्या सहचारिणीला, कॅथरीनला, पत्राने कळवलं. १७२१ च्या निस्टाडच्या तहाने शहर रशियाचं झालं, १७४३ मध्ये सीमा आणखी पश्चिमेला सरकली. शेतकरी होते तिथेच राहिले, पण त्यांची जमीन पीटर्सबर्गच्या सरदारांना इनाम म्हणून वाटली गेली. स्वतःच्या शेतावर मालकासारखं राहणारे लोक कुळं झाले. हे दुखणं शंभर वर्षांहून अधिक चाललं. १८६७ नंतर फिनलंडच्या सरकारने कर्ज काढून या जमिनी विकत घेतल्या तेव्हा कुठे ते संपू लागलं. राजा बदलला तरी शेतकऱ्याला फरक पडत नाही, हे म्हणणं म्हणूनच अर्धंच खरं आहे.

१८०९ मध्ये पहिल्या अलेक्झांडरने सगळंच फिनलंड स्वीडनकडून जिंकलं आणि त्याला स्वायत्त ‘महाडची’चा दर्जा दिला. रशियाचा सम्राटच तिथला महाड्यूक, पण कायदे, सिनेट, जकात आणि पुढे चलनही फिनलंडचं स्वतःचं. १८१२ च्या सुरुवातीला, गुस्ताफ मॉरिट्झ आर्मफेल्ट या मुत्सद्द्याच्या आग्रहावरून, अलेक्झांडरने व्हीबोर्ग प्रांतही या महाडचीत घातला. दोन्ही बाजूंना राज्य एकाच सम्राटाचं होतं, त्यामुळे अंतर्गत रेघ राजधानीजवळच्या सेस्त्रा नदीवर आली याचा त्या वेळी कुणाला घोर लागला नाही. शंभर वर्षांनी तीच रेघ आंतरराष्ट्रीय सीमा झाली. १९३९ च्या युद्धाचं मूळ शोधताना आधी या फर्मानाकडे पाहायला हवं.

एकोणिसावं शतक मात्र व्हीबोर्गला लाभलं. बाजारात फिन, स्वीडिश, रशियन आणि जर्मन अशा चारही भाषा कानावर पडत, आणि एकाच दुकानदाराला चारही येत. लाकडाचा मोठा व्यापार जर्मन वंशाच्या हाकमान घराण्याकडे होता, तर सेर्गेयेव हे रशियन घराणं तंबाखूच्या आणि बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाई. १८५६ मध्ये सायमा कालवा खुला झाला आणि फिनलंडच्या आतल्या सरोवरांतलं लाकूड थेट समुद्राला लागलं. १८७० मध्ये पीटर्सबर्गपासून रेल्वे आली.

राजधानीचं पोट खेडूत भरत होते. संयोगभूमीतून तिथे दूध, लोणी, मासे, जळाऊ लाकूड आणि गवत जाई. लेंटच्या उपवासाआधीच्या मास्लेनित्सा सणात आसपासचे फिन शेतकरी आपली ठेंगणी घोडी घंटा-फितींनी सजवून, रंगवलेल्या घसरगाड्या घेऊन शहरात येत आणि शहरातली पोरं त्या सफरीची वाट पाहत. शहरही खेड्यांकडे काही पाठवत असे: अनाथालयातली मुलं. ती सांभाळण्याचे पैसे मिळत. इंग्रियात जन्मलेली, हजाराहून अधिक लोकगीतं मुखोद्गत असलेली गायिका लारिन पारास्के हिनेही पोटासाठी अशी कितीतरी मुलं वाढवली. शेजार म्हणजे काय हे या देवाणघेवाणीतून कळतं. तहांच्या कलमांत ते सापडत नाही.

स्वायत्ततेचा उपयोग रशियन राजकारण्यांनाही झाला. जुलै १९०६ मध्ये झारने पहिली दूमा, म्हणजे रशियाची संसद, बरखास्त केली, तेव्हा तिचे सुमारे १८० सदस्य पीटर्सबर्गच्या पोलिसांच्या कक्षेबाहेर, व्हीबोर्गच्या एका हॉटेलात जमले. सरकारला कर देऊ नका, सैन्यात भरती होऊ नका, असं आवाहन त्यांनी जनतेला केलं. पुढे त्यांना तुरुंगवास झाला आणि निवडणुकीचा हक्कही गेला.

फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि वर्ष संपायच्या आत लेनिनच्या सरकारने ते मान्यही केलं. पण लगेच देशात ‘लाल’ म्हणजे समाजवादी आणि ‘पांढरे’ म्हणजे त्यांचे विरोधक असं यादवी युद्ध पेटलं. एप्रिल १९१८ च्या अखेरीस पांढऱ्यांनी व्हीबोर्ग घेतलं आणि शहरातल्या शेकडो रशियनांना ठार केलं. त्यांतल्या अनेकांचा लाल पक्षाशी काही संबंध नव्हता. ते त्या गावचे रहिवासी होते, एवढंच. चार भाषांचं शहर त्या आठवड्यात संपायला लागलं. फिनलंडने या हत्यांबद्दल पुढे कित्येक दशकं फारसं बोलणं टाळलं, ही गोष्ट लपवून या शहराचा इतिहास सांगता येणार नाही.

१९२० च्या तार्तू तहाने सेस्त्रेवरची सीमा पक्की झाली. ती लेनिनग्राडपासून, म्हणजे जुन्या सेंट पीटर्सबर्गपासून, जेमतेम ३२ किलोमीटरवर होती. १९३९ च्या शरद ऋतूत स्टालिनने मागणी केली: सीमा मागे घ्या, हांको बंदर भाड्याने द्या, बदल्यात उत्तरेकडे जवळपास दुप्पट भूमी घ्या. फिनलंडला हे पटलं नाही. बदल्यात मिळणारं जंगल होतं आणि द्यायची होती स्वतःची संरक्षणरेषा. ३० नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्य सीमा ओलांडून आलं. साडेतीन महिन्यांच्या या हिवाळी युद्धात सुमारे २५ हजार फिन मेले. सोव्हिएत बाजूचे सव्वा लाखाहून अधिक. मार्चमध्ये, अप्राक्सिननंतर २३० वर्षांनी, पुन्हा एक रशियन सैन्य व्हीबोर्गजवळच्या आखाताच्या बर्फावरून पुढे आलं. १३ मार्च १९४० रोजी तोफा थांबल्या तेव्हा शहराच्या वेशीवर लढाई चालूच होती. तहाने मात्र ते सोव्हिएत संघाला गेलं.

आणि मग माणसं निघाली. चार लाखांहून अधिक, म्हणजे फिनलंडच्या लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के. कुणी घसरगाड्यांवर, कुणी मालगाड्यांत, गुरं हाकत, बर्फातून. मागे राहणारे मोजकेच होते. १९४१ मध्ये हिटलरच्या जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरून फिनलंडने हा मुलूख परत घेतला, तेव्हा त्यांतले सुमारे पावणेतीन लाख लोक परतले. जळलेल्या घरांच्या चुली पुन्हा पेटल्या, शेतं पेरली गेली. २० जून १९४४ रोजी सोव्हिएत सैन्याने व्हीबोर्ग पुन्हा घेतलं आणि त्याच रस्त्याने तीच माणसं दुसऱ्यांदा बाहेर पडली.

पराभूत, कर्जात बुडालेल्या फिनलंडने या लोकांना छावण्यांत ठेवलं नाही. १९४५ च्या कायद्याने सरकार, नगरपालिका, कंपन्या आणि मोठे जमीनदार यांच्याकडून जमीन घेऊन ती निर्वासित शेतकऱ्यांना वाटली. शक्यतो एका गावचे लोक एकाच भागात वसवले. हे काम विलक्षण होतं, पण गोड नव्हतं. ज्यांची जमीन गेली ते चिडले. ऑर्थोडॉक्स कारेलियनांना रशियन म्हणून टोमणे ऐकावे लागले, त्यांच्या मुलांना शाळेत चिडवलं गेलं. कालांतराने त्यांचा पदार्थ मात्र साऱ्या देशाचा झाला: राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली कारेलियन पिराक्का. आज ती फिनलंडच्या प्रत्येक दुकानात मिळते.

रिकाम्या संयोगभूमीत रशिया, बेलारूस आणि युक्रेनमधली, युद्धाने होरपळलेली कुटुंबं आणून वसवली गेली. त्यांचाही दोष नव्हता. त्यांची स्वतःची गावं जळून गेली होती. त्यांना अनोळखी घरं मिळाली, अनोळखी हत्यारं मिळाली आणि विहीर कुठे आहे हे सांगायला शेजारी नव्हता. १९४८ मध्ये गावांची नावं सरसकट बदलली. तेरियोकीचं झेलेनोगोर्स्क झालं, केकिसाल्मीचं प्रिओझेर्स्क, केल्लोमेकीचं कोमारोवो. व्हीबोर्गचं नाव टिकलं. नेवाकाठच्या इंग्रियन फिनांना तर स्टालिनच्या काळात सैबेरिया आणि मध्य आशियाकडे हद्दपार केलं होतं. १९९० मध्ये फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष माउनो कोइव्हिस्टो यांनी त्यांना परतीचा मार्ग खुला केला.

सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर निर्वासितांची म्हातारी पिढी बसगाड्या भरभरून आली. अनेकदा घराचा फक्त पाया सापडायचा. कुठे घर उभं असलं तर आत राहणारं रशियन कुटुंब चहाला बसवायचं. व्हीबोर्गात अल्व्हार आल्तो यांनी बांधलेलं, १९३५ मध्ये पूर्ण झालेलं आणि लाकडी लाटांच्या छतासाठी जगप्रसिद्ध झालेलं वाचनालय होतं. युद्धानंतर ते कित्येक वर्षं पडीक होतं. रशियन आणि फिन वास्तुतज्ज्ञांनी वीसेक वर्षं खपून २०१३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण केला. सायमा कालव्याचा सोव्हिएत हद्दीतला भाग फिनलंडने १९६२ च्या कराराने पन्नास वर्षांसाठी भाड्याने घेतला होता. २०१० मध्ये दोन्ही देशांनी आणखी पन्नास वर्षांसाठी सही केली. त्याच वर्षी हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग ‘अलेग्रो’ ही वेगवान गाडी व्हीबोर्गमार्गे सुरू झाली.

रशियाच्या युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये अलेग्रो बंद पडली आणि कालव्यातली मालवाहतूक जवळजवळ थांबली. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड ‘नाटो’त गेलं. वर्ष संपेपर्यंत १,३४० किलोमीटरच्या सीमेवरची रस्त्याची सगळी नाकी त्याने प्रवाशांसाठी बंद केली होती. कालव्याचा करार मात्र निम्मासुद्धा सरलेला नाही.