१२ सप्टेंबर : सारागढीची लढाई (१८९७)

लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे वायव्य सरहद्दीवरचे दोन किल्ले एकमेकांना दिसत नसत. मधल्या कड्यावरची सारागढी चौकी आरशाने उन्हाची तिरीप पाडून दोहोंमधले निरोप पोचवी. आजच्या दिवशी हजारो आफ्रिदी व ओरकझाई पठाणांनी तिला वेढा घातला. आत ३६व्या शीख पलटणीचे अवघे २१ जवान, म्होरक्या हवालदार ईशर सिंग. संदेशवाहक गुरमुख सिंग शेवटपर्यंत लॉकहार्टला खबर देत राहिला. मग परवानगी मागून त्याने आरसा आवरला आणि बंदूक उचलली. एकही जवान वाचला नाही. चौकीतला, शिपाई नसलेला एक नोकरही पडला. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. एकवीसही जणांना ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाले. त्यांच्या स्मरणार्थ अमृतसरला १९०२ मध्ये आणि फिरोजपूर छावणीत १९०४ मध्ये गुरुद्वारा उभा राहिला.

चाकणकरांना ही झुंज परकी वाटू नये. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी चाकणचा किल्ला संग्रामदुर्ग शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. कारखान्यांकडे धावणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत त्याचे थोडे अवशेष उभे आहेत.