खंजिरी आणि ग्रामगीता

आमच्या कासारवाडीस आज शेत शोधूं म्हटलें तर सांपडावयाचें नाहीं. एका बाजूस मुंबई-पुणें हमरस्ता, दुसऱ्या बाजूस लोहमार्ग आणि सभोंवार कारखाने. शेजारच्या पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्यापाठोपाठ दुसरे आले आणि रानें हळूहळू नाहींशीं झालीं. अशा ठिकाणच्या माणसानें ग्रामगीतेविषयीं बोलावें हें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु या ग्रंथाचें एक जुनें देणें माझ्याकडे राहिलें आहे.

मी शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें भर वर्गांत विचारलें, "सर, ग्रामगीता ही कविता आहे का?" मीं तत्काळ सांगितलें, "नव्हे. तो ओव्यांत घातलेला उपदेश आहे." मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. तें उत्तर पुढें मला बोचूं लागलें.

तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली या गांवीं झाला. मूळ नांव माणिक. घरची गरिबी, शाळा जेमतेम. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांस 'तुकड्या' केलें, आणि तें नांव भजनांच्या शेवटीं कायमचें बसलें. हातीं खंजिरी, समोर शेतकरी आणि मजूर. पदें मराठींत, तशींच हिंदींतही. चाल मात्र अशी कीं दुसऱ्या कडव्यास सारी सभा धरी.

१९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम उभा राहिला. तेथें त्यांनीं घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना हीच, माझ्या मतें, त्यांच्या कवितेची खरी तालीम होय. सायंकाळीं सर्व जातींचीं आणि धर्मांचीं माणसें एका ओळींत बसत. ज्या काळीं कित्येक खेड्यांत पाणवठाही एक नव्हता, त्या काळीं ही एक ओळ लहानसहान गोष्ट नव्हती.

गाण्यांत किती बळ असतें हें सरकारास १९४२ च्या ऑगस्टांत समजलें. चिमूरची जनता उठली. गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, मागाहून लष्करी दडपशाही आली. त्याच महिन्यांत महाराजांस अटक होऊन ते नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत गेले. खंजिरी वाजविणाऱ्या गोसाव्यास बंदिवान करावेसें राज्यकर्त्यांस वाटलें, याहून मोठी पावती कोणता टीकाकार देणार?

येथें मला एका परदेशी कवयित्रीची आठवण होते. महाराज जन्मले त्याच १९०९ सालीं राहेल नांवाची तरुणी रशियांतून पॅलेस्टाइनांत आली. किन्नेरेत सरोवराच्या कांठीं तिनें शेतावर कष्ट केले. पुढें ती देगानिया या सामुदायिक वसाहतींत राहिली. पण क्षय जडल्यामुळें तिला तेथून जावें लागलें. तिच्या बहुतेक हिब्रू कविता त्यानंतरच्या, एकाकी खोलींतल्या. १९३१ सालीं ती गेली आणि त्याच सरोवराच्या कांठीं तिला पुरलें. समुदाय दुरावला तेव्हां तिची कविता खुलली. महाराजांचें उलट आहे. त्यांचें गाणें समुदाय जमविण्यासाठींच जन्मलें. आपण शहरवासी पहिल्या प्रकारास चटकन् काव्य म्हणतों, कारण एकाकी खोली आपल्या परिचयाची आहे. दुसऱ्यास उपदेश म्हणून बाजूला सारतों. माझी चूक ती हीच.

१९५५ सालीं ग्रामगीता प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्याय, ४,६७५ ओव्या. अध्यायांचीं नांवेंच पाहा: ग्रामरक्षण, ग्रामशुद्धि, गोवंशसुधार, श्रमसंपत्ति. गाईच्या खाद्याची आणि गांवच्या गटारीची चिंता ज्ञानेश्वरांच्या ओवीछंदांत वाहणें हें धाडसाचें काम होतें. ओव्या कोठें कोठें रूक्ष होतात, पुनरुक्तीही आढळते. तें झांकण्यांत अर्थ नाहीं. पण ज्यानें चार माणसांबरोबर विहिरीचा गाळ काढला आहे त्यानें श्रमसंपत्तीचा अध्याय मोठ्यानें वाचावा. घमेलें एका हातांतून दुसऱ्या हातांत जावें तशी ओवी सरकते. कवितेची जागा पानावर नसून त्या हातांमध्यें आहे. विनोबांनी १९५१ सालीं भूदान आरंभिलें, त्यांतही महाराज भजनें गात फिरले. जमीन सर्वांची हें त्यांस नवें शिकावयाचें नव्हतें.

११ ऑक्टोबर १९६८ रोजीं महाराज गेले. आजही पुण्यतिथीस मोझरीला हजारों माणसें जमून मौन पाळतात. त्यांत कवितेचें पुस्तक कधीं विकत न घेतलेलीं पुष्कळ असतात, आणि त्यांस ओव्या मुखोद्गत असतात.

तो विद्यार्थी आतां चाळिशीकडे झुकला असेल, बहुधा येथल्याच एखाद्या कारखान्यांत कामाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्यानें ऐकावें: त्या दिवशीं वर्गांत दिलेलें उत्तर मी मागें घेतों.