दृढीकरण-संस्कार आणि चांदा प्रांत

ख्रिस्ती धर्मांत मनुष्याचा प्रवेश स्नानसंस्कारानें होतो आणि त्या प्रवेशावर मुद्रा उमटते ती दृढीकरण-संस्कारानें. लॅटिन पद्धतीच्या कॅथलिक चर्चमध्यें हा समारंभ जुन्या रीतीनें कसा होई, हें प्रथम सांगितलें पाहिजे. बिशप स्वतः येत. जाणतीं झालेलीं मुलें एकेक करून त्यांच्यापुढें येत. पाठीशीं धर्मपिता किंवा धर्ममाता उभी असे. ऑलिव्हच्या तेलांत सुगंधी बाल्सम मिसळून पवित्र केलेल्या तैलानें बिशप मुलाच्या कपाळावर क्रूस काढीत आणि गालावर हलकीशी चापट मारीत. धर्मासाठीं सोसावयास सिद्ध राहा, असा तिचा अर्थ सांगत. १९७१ सालीं पोप सहावे पॉल यांनीं विधीचे शब्द पालटले. नव्या विधींत ती चापट राहिली नाहीं.

परंपरागत दृढीकरण म्हणजे एवढेंच, अशी सामान्य समजूत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे पाहिलें म्हणजे ती अपुरी ठरते.

यांतील मूळ प्रश्न अंतराचा आहे. आरंभीं ख्रिस्ती मंडळी शहरांत राहत. स्नान आणि मुद्रा हीं दोन्ही एकाच प्रसंगीं, बिशपांच्या सान्निध्यांत होत. धर्म खेड्यापाड्यांत पसरला, तेव्हां बिशप सर्वत्र पोहोंचेनात. पश्चिमेनें बिशपांचा हात राखला आणि वेळ पुढें ढकलली. पूर्वेनें वेळ राखली आणि पवित्र केलेलें तेल गांवोगांव धाडलें. स्नानाबरोबरच तान्ह्या बालकास मुद्रा देण्याचें काम साध्या धर्मगुरूकडे आलें. एकाच अडचणीचीं हीं दोन उत्तरें होत.

मलबारचे सेंट थॉमस ख्रिस्ती पूर्वेकडील सिरियन परंपरेचे. १५९९ च्या जून महिन्यांत गोव्याचे आर्चबिशप मेनेझेस यांनीं उदयंपेरूर येथें धर्मसभा भरविली आणि बिशपांच्या हातून होणारें लॅटिन पद्धतीचें दृढीकरण त्या लोकांस लावून दिलें. त्यांच्यांत ही चाल तोंपर्यंत नव्हती. परंतु पुढें ती इतकी रुजली कीं तीच जुनी वाटूं लागली.

हें सिरो-मलबार चर्च चांद्यास आलें तें १९६२ सालीं. त्या वर्षीं हा प्रदेश नागपूरच्या लॅटिन धर्मप्रांतापासून वेगळा काढून सिरो-मलबार कार्मेलाइट धर्मगुरूंकडे सोंपविण्यांत आला. १९७७ सालीं तो पूर्ण धर्मप्रांत झाला; त्याचें मुख्य मंदिर बल्लारपूर येथें आहे. शहराचें नांव चंद्रपूर झालें, १९८२ सालीं गडचिरोली हा निराळा जिल्हा निघाला, तरी धर्मप्रांताच्या नांवांत ‘चांदा’ टिकून आहे.

याच सुमारास रोममध्यें वारें फिरलें. १९६४ च्या नोव्हेंबरांत व्हॅटिकन धर्मपरिषदेनें पौर्वात्य चर्चांस त्यांची जुनी चाल पूर्णपणें परत देण्याचें ठरविलें. १९९० सालच्या पौर्वात्य धर्मसंहितेनें तर स्नान व मुद्रा एकत्रच व्हावीं, असा नियम केला. म्हणून वसईच्या लॅटिन चर्चमधील मूल जाणतें होऊन बिशपांची वाट पाहतें, आणि चांद्याकडील बालक मुद्रा कपाळावर घेऊनच वाढावें, असा आतांचा नियम आहे.

कोणती रीत बरी, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. जाणत्या मुलाच्या मुखांतून निघालेल्या ‘होय’ची थोरवी आम्हांस मान्य आहे; तान्ह्या बालकास तो उच्चार करतां येत नाहीं, हें उणें खरेंच. परंतु पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते. अशा मुलखांत एखादा संस्कार मोठ्या अधिकाऱ्याच्या दौऱ्यावर अवलंबून ठेवणें म्हणजे दूरच्या माणसानें नेहमीं शेवटीं राहावें, असेंच ठरविणें होय. जवळच्या धर्मगुरूजवळील तेल हें बिशपांच्या हाताची उणीव नव्हे. तो हातच तेथवर पोहोंचलेला असतो. जुन्या पूर्वेनें हें ओळखलें होतें. तिनें शोधलेलें उत्तर साडेतीनशेंहून अधिक वर्षें परक्या वळणाखालीं दबून राहिलें. विदर्भाच्या या रानांत त्याचा उपयोग समजावयास फारसें पांडित्य लागत नाहीं.