५५ कॅन्क्री : पाच ग्रहांचा तारा आणि ‘हिऱ्याचा ग्रह’

कर्क राशीत पुष्य नक्षत्राच्या उत्तरेला एक अंधुक तारा आहे. चांगल्या काळोख्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. हाच ५५ कॅन्क्री. पृथ्वीपासून सुमारे ४१ प्रकाशवर्षे दूर असलेला हा तारा सूर्यापेक्षा किंचित लहान आणि थोडा थंड आहे. एक लाल खुजा तारा बऱ्याच अंतरावरून त्याची सोबत करतो.

त्याचा पहिला ग्रह १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून सापडला. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या प्रकाशात फरक पडतो. तो मोजून हा शोध लागला. २००७ पर्यंत ग्रहांची संख्या पाच झाली. सूर्याखेरीज पाच ग्रह असलेला हा तेव्हाचा पहिलाच ज्ञात तारा. सर्वांत बाहेरचा ग्रह गुरूच्या किमान पावणेचारपट वस्तुमानाचा असून त्याला एका फेरीला सुमारे १४ वर्षे लागतात.

सर्वांत आतला ग्रह ‘ई’ मात्र फसवा निघाला. २००४ मध्ये शोध लागला तेव्हा त्याचे वर्ष २.८ दिवसांचे मानले गेले. प्रत्यक्षात ते पावणेअठरा तासांचे आहे. वेध फक्त रात्री घेता येतात. एका दिवसात हा ग्रह एक पूर्ण फेरी मारून पुढच्या फेरीचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग कापतो. रोज एकदाच पाहणाऱ्याला पूर्ण फेरी दिसत नाही, उरलेला भाग तेवढा दिसतो. २०१० मध्ये रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी जुन्याच नोंदी तपासून ही गफलत दाखवली. पुढच्याच वर्षी ग्रह ताऱ्यासमोरून जाताना टिपला गेला आणि त्यांचे गणित बरोबर ठरले.

‘ई’ पृथ्वीच्या जवळपास दुप्पट रुंद आणि आठपट वस्तुमानाचा आहे. ताऱ्यापासून तो फक्त २३ लाख किलोमीटरवर आहे. बुध सूर्यापासून याच्या पंचवीसपट लांब आहे. ‘हिऱ्याचा ग्रह’ ही त्याची ख्याती २०१२ मधली. ताऱ्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त, म्हणून ग्रहातही कार्बन भरपूर असावा, असा निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांचा तर्क होता. २०१३ च्या नव्या मोजणीत ताऱ्यातला कार्बन ऑक्सिजनपेक्षा कमी भरला आणि तर्काचा मुख्य आधारच डळमळला. बातम्यांमध्ये मात्र हिरा अजून चमकतो आहे.

२०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने याहून मोलाचे काही दाखवले. ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे १,५४० अंश सेल्सिअस भरले. वातावरण नसते, तर ते २,२०० च्या आसपास हवे होते. म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेणारे काहीतरी तिथे आहे. बहुधा वितळलेल्या खडकांतून सतत निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइडचे हे आवरण असावे.

२००३ मध्ये युक्रेनच्या क्रिमियातील येवपातोरिया येथून या ताऱ्याच्या दिशेने रेडिओ संदेश पाठवला गेला. तो २०४४ मध्ये तिथे पोहोचेल.