परीक्षेची परीक्षा

धान्याच्या दुकानातील वजनांवर सरकारी निरीक्षकाचा शिक्का असावा लागतो. तो नसेल, तर दुकानदार कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या मापावर विसंबून राहता येत नाही. वकिलीची सनद देणारी परीक्षा हेही एक मापच होय. कित्येक वर्षे कायदा शिकलेल्या तरुणाचे भवितव्य या मापाने ठरते, आणि उद्या ज्याच्या घराचा, जमिनीचा अथवा स्वातंत्र्याचा प्रश्न त्या तरुणाच्या हाती सोपवला जाणार, त्या पक्षकाराचेही. परंतु हे माप खरे आहे किंवा नाही, हे पाहावयाचे कोणी आणि कसे?

आपल्या देशात या प्रश्नाचा ऊहापोह झाला तो निराळ्या अंगाने. १९६१ च्या वकिलांविषयीच्या कायद्याने सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची अट घातली होती; १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. १९९५ साली भारतीय बार कौन्सिलने नियम करून प्रशिक्षणाची अट पुन्हा आणू पाहिली, तेव्हा १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. अखेर ६ मार्च २०११ रोजी पहिली अखिल भारतीय परीक्षा झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा कौन्सिलचा अधिकार मान्य केला. इतक्या वर्षांच्या या वादात परीक्षा घेण्याचा अधिकार कोणाला, याची चर्चा पुष्कळ झाली. ती परीक्षा नेमके काय मोजते, याची त्या मानाने थोडीच. हा दुसरा प्रश्न अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यापुढे दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही वेळी त्या राज्याने नव्या परीक्षेचा आधी प्रयोग करून पाहिला. दोन्ही प्रयोगांचे फळ मात्र अगदी वेगळे निघाले.

प्रयोगाची गरज काय, असे कोणी विचारील. विद्वान परीक्षकांनी विचारपूर्वक काढलेला प्रश्न पुरेसा नाही काय? वस्तुतः नाही. प्रश्न सोपा की अवघड, हे काढणाऱ्याला कळत नाही. ते सोडवणाऱ्यांकडूनच कळते. कधी असे आढळते की, एखाद्या प्रश्नात हुशार उमेदवारच अधिक चुकतात आणि कच्चे उमेदवार बरोबर ठरतात. याचा अर्थ प्रश्नातच काही संदिग्धता दडलेली असते व ती जाणत्यालाच दिसते. शिवाय यंदाची प्रश्नपत्रिका गेल्या खेपेपेक्षा कठीण असेल, तर उत्तीर्णतेची रेषा किती खाली आणावी, याचाही हिशेब हवा. अन्यथा सनद मिळणे अथवा न मिळणे हे ज्ञानापेक्षा परीक्षेच्या तारखेवर अवलंबून राहील.

पहिला प्रयोग १९८० सालचा. कायद्याची कलमे आणि निवाडे पाठ असलेला मनुष्य पक्षकाराशी बोलू शकतो काय, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ शकतो काय, अशी शंका त्या काळी बळावली होती. तेव्हा नेहमीची परीक्षा दिलेल्या सुमारे पाचशे उमेदवारांनी स्वेच्छेने आणखी दोन दिवस दिले. त्यांच्याकडून मुलाखती, उलटतपासणी, युक्तिवाद अशी प्रत्यक्ष वकिलीची कामे करवून घेण्यात आली आणि मिळालेले गुण नेहमीच्या परीक्षेतील गुणांशी ताडून पाहण्यात आले. तोंडी कामे घेणे खर्चाचे, आणि त्यांना सर्वत्र एकाच मापाने गुण देणे त्याहून कठीण. लेखी कामाचे तसे नव्हते. उमेदवाराच्या हाती खटल्याची कागदपत्रे द्यावीत, लागणारा कायदाही त्यातच असावा, आणि त्याने त्यावरून टिपण किंवा अर्ज तयार करावा, एवढा भाग १९८३ पासून परीक्षेत दाखल झाला. प्रयोगातले सारे काही स्वीकारले गेले नाही, ही त्या प्रयोगाची खरी थोरवी म्हणावी लागेल. प्रयोग आणि अंमल यांच्यामध्ये तीन वर्षे होती. त्या अवधीत नको ते गाळता आले.

असाच अनुभव पुढे इंग्लंडने घेतला. सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी तेथे एक सामाईक परीक्षा आखण्यात आली आणि तिच्या पहिल्या टप्प्याची चाचणी मार्च २०१९ मध्ये ३१८ उमेदवारांवर घेण्यात आली. प्रत्येकी १२० प्रश्नांच्या तीन प्रश्नपत्रिका होत्या. निष्कर्ष पाहून त्यांच्या जागी १८० प्रश्नांच्या दोन करण्यात आल्या, कारण लांब प्रश्नपत्रिकेत दैवाचा भाग कमी होतो. या टप्प्यातील लेखनकौशल्याच्या चाचणीचे गुण भरवशाचे नाहीत असे दिसले, तेव्हा ती वगळण्यात आली. दुसऱ्या टप्प्याची चाचणी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाली, आणि खरी परीक्षा सुरू झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये.

आता कॅलिफोर्नियाचा दुसरा प्रयोग. १९७२ पासून अमेरिकेत एक राष्ट्रीय संस्था २०० बहुपर्यायी प्रश्नांची पत्रिका पुरवीत आली होती, आणि कॅलिफोर्नियाही तीच वापरीत असे. ही पत्रिका घरबसल्या संगणकावर देण्यास त्या संस्थेची मुभा नव्हती. मोठमोठी सभागृहे भाड्याने घेता घेता राज्याच्या बार संस्थेचा परीक्षानिधी तुटीत आला. तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये तिने कॅप्लन या कंपनीशी पाच वर्षांचा, साडेब्याऐंशी लाख डॉलरचा करार करून स्वतःचे प्रश्न तयार करून घेण्याचे ठरवले. म्हणजे नव्या मापाची निकड शास्त्रापेक्षा तिजोरीने निर्माण केली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची संमती २२ ऑक्टोबरला मिळाली, आणि नोव्हेंबरच्या ८ व ९ तारखांना प्रयोग झाला.

प्रयोगात प्रश्न होते ४९. स्वयंसेवक उमेदवाराला अभ्यासाची निकड नसते, आणि निष्काळजीपणे दिलेल्या उत्तरांवरून काहीच मोजता येत नाही. म्हणून चांगली कामगिरी करणाऱ्यास पुढील परीक्षेत ४० पर्यंत वाढीव गुण देण्याचे ठरले. २००० गुणांच्या त्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यास १३९० लागत, तेव्हा काठावरच्या उमेदवाराला ही देणगी लहान नव्हती. ज्याला त्या दिवशी येणे जमले नाही, त्याला ती नाही! चाचणीचा प्रामाणिकपणा राखण्यासाठी परीक्षेच्या समतेला असे थोडे खिंडार पाडावे लागले. याहून मोठा दोष असा की, प्रयोग फक्त बहुपर्यायी प्रश्नांचा होता. निबंध आणि कागदपत्रांवरील लेखी काम त्यात नव्हते.

साडेतीन महिन्यांनी, २५ आणि २६ फेब्रुवारी २०२५ रोजी, चार हजारांहून अधिक उमेदवार खऱ्या परीक्षेस बसले. संगणकाचे पडदे गोठले, संपर्क तुटला, आणि ज्या लेखी कामात कागदपत्रांतील मजकूर उचलून उत्तरात घ्यावा लागतो, तेथेच तो उचलला जाईना. नोव्हेंबरमध्ये जे तपासले गेले नव्हते, ते आता उमेदवारांच्या खर्चाने तपासले गेले. २१ एप्रिल रोजी बार संस्थेने आणखी एक गोष्ट उघड केली. गुणांसाठी धरलेल्या १७१ बहुपर्यायी प्रश्नांपैकी कॅप्लनचे १०० होते. ४८ प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेतून घेतलेले, आणि २३ परीक्षेचे मोजमाप पाहणाऱ्या सल्लागार कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेले. ज्याने वजन तपासावयाचे त्यानेच काही वजने ओतली होती. न्यायालयालाही ही गोष्ट तेव्हाच कळली.

मे महिन्यात न्यायालयाने उत्तीर्णतेची रेषा खाली आणली. ५५.९ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. फेब्रुवारीच्या परीक्षेत एरवी एकतृतीयांशाच्या आसपास होत असत. यांपैकी किती जण ज्ञानाने उतरले आणि किती जण त्या दिवसाच्या गोंधळाची भरपाई म्हणून, हे सांगण्याचे साधन त्या परीक्षेने स्वतःपाशी ठेवलेच नव्हते. जे अनुत्तीर्ण झाले त्यांनाही हेच विचारण्याचा अधिकार होता, आणि त्यांपैकी काहींच्या हातून ठरलेली नोकरी जाण्याची वेळ आली होती.

जुलै २०२५ ची परीक्षा न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा सभागृहांत, जुन्या राष्ट्रीय पत्रिकेवर झाली. तथापि ती पत्रिका फेब्रुवारी २०२८ नंतर बंद करण्याचे राष्ट्रीय संस्थेने जाहीर केलेले आहे, आणि तिच्या जागी कोणते माप वापरावे, हा निर्णय कॅलिफोर्नियाला त्यापूर्वी घ्यावा लागणार आहे.