कुऱ्हाडीचा दांडा

१२. दांडा बसवणे : धुळे-जळगावकडे कुऱ्हाडीला बाभळीचा किंवा सातपुड्यातल्या धावड्याचा वाळलेला दांडा घालतात. त्याचे टोक तासून नेढ्यात शिरवायचे. मग पाते खाली लोंबते ठेवून दांड्याच्या बुडावर ठोकायचे. जड लोखंड जागीच राहते, लाकूड आत सरकते. शेवटी टोकाच्या चिरेत पाचर मारतात. सैल दांडा पाण्यात भिजवला की फुगून घट्ट होतो खरा, पण पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या वैशाखात तो पुन्हा आकसतो. कुदळीचे तंत्र वेगळे : तिचा दांडा वरून ओवतात. तो टोकाला जाड असल्याने उगारताना कुदळ तिकडे ओढली जाऊन अधिकच आवळते. पाचर लागत नाही. — संपा.