साखरशाळा

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गाळप हंगामात कारखान्याजवळच्या तळावर भरणारी तात्पुरती शाळा. एखादी शेड किंवा ताडपत्रीचा मांडव, एक फळा आणि मानधनावर काम करणारा तरुण स्वयंसेवक एवढ्यावर ती उभी राहते. तिची गरज कारखान्याच्या गावापेक्षा मजुरांच्या गावाकडे पाहिले की लवकर कळते.

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड) हे परळी–लातूर रोड लोहमार्गावरील गाव बालाघाट डोंगररांगेच्या कोरडवाहू पट्ट्यात येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातल्या टोळ्या मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. तालुक्यात अंबासाखर येथे स्वतःचा साखर कारखाना असूनही हे स्थलांतर चुकलेले नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुले या हिशेबात कुठेच नसतात, पण उसाचे वाढे गोळा करतात, धाकट्याला सांभाळतात, खोपीवर राखण करतात. पाच-सहा महिन्यांनी ती परततात तेव्हा गावच्या शाळेत वार्षिक परीक्षेचे दिवस आलेले असतात.

शिक्षणासाठी पदरमोड करणे या भागाला नवे नाही. निजामी राजवटीत मातृभाषेतले शिक्षण दुर्मीळ होते, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालय चालवले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते अशा शाळांतून घडले. पुढे 1982 मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी अंबाजोगाईतच ‘मानवलोक’ (मराठवाडा नवनिर्माण लोकायत) स्थापन केली. या संस्थेच्या समाजकार्य महाविद्यालयामुळे गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना रीतसर प्रशिक्षणाची जोड मिळाली.

साखरशाळांचे मोठे जाळे मात्र उभारले ते औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) ‘जनार्थ’ संस्थेने, या शतकाच्या आरंभी. या कामातली खरी अडचण शिकवण्याची नव्हतीच. टोळी पहाटे फडात जाते, गाडी भरली की कारखान्याच्या गव्हाणीकडे जाते, आणि एका फडाची तोड संपली की बिऱ्हाड हलते. त्यामुळे सकाळी दिसलेले मूल दुपारी असेलच असे नाही. एकाच वर्गात पहिली ते चौथीची मुले, त्यातली काही नाव घातलेली, काही कधीच न घातलेली. कर्नाटकात गेलेल्यांपुढे तर जवळची सरकारी शाळा कन्नड माध्यमाची असण्याचा वेगळाच पेच.

अशा मिश्र वर्गाला उपयोगी पडणारी पद्धत ‘प्रथम’ संस्थेने रूढ केली. 1990च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या या संस्थेने इयत्ता बाजूला ठेवून मूल अक्षर, शब्द, परिच्छेद यांपैकी कुठे अडते ते पाहायचे आणि तेथूनच पुढे शिकवायचे, असा क्रम घातला. वस्तीतल्याच मुली ‘बालसखी’ म्हणून शिकवीत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदींनी मुंबई व बडोदा येथे या कामाची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. आज झांबियासह आफ्रिकेतील काही देशांच्या शाळांत ही पद्धत वापरली जाते. मुंबईच्या चाळी-झोपड्यांत घासूनपुसून तयार झालेली रीत परदेशी गेली, याचा गाजावाजा मराठीत फारसा झालेला नाही.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यानंतर मुलांना नियमित शाळेतच दाखल करण्याकडे आणि गावी थांबवण्याकडे सरकारचा कल वाढला, साखरशाळा मागे पडल्या. गावोगावी हंगामी वसतिगृहे आली. नाव वसतिगृह असले तरी अनेक ठिकाणी ते दोन वेळच्या जेवणापुरते असते, मुले झोपायला आजी-आजोबांकडेच जातात. ही सोय लहान मुलांना मानवते. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला मात्र आईबाप कचरतात, आणि त्यांची भीती उगाच नाही. 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली, तीत मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहांची तरतूद आहे.

स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ही आहे, ते दाखवले की नव्या गावच्या शाळेने प्रवेश द्यायचा. पण कार्डाने वर्गापर्यंत पोचता येते, रोज बसता येतेच असे नाही. कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. फडात आईसोबत आलेले दोन वर्षांचे पोर त्याच्या कक्षेत येत नाही. तळावर पाळणाघर नसेल, तर त्या पोराला कडेवर घेतलेली थोरली बहीण कोणत्याच शाळेत हजर राहू शकत नाही.